काटे काढलेले निरोप

रस्त्यात गाडी बंद पडली की माणसाचं डोकं आधी तापतं, इंजिनाकडे लक्ष मागाहून जातं. अशी तापलेली डोकी दिवसभर कानाशी घेऊन बसणं, हे ताईचं काम. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ती नोकरीला होती. कानावर हेडफोन, समोर नकाशाचा पडदा आणि त्या पडद्यावर मुंग्यांसारख्या सरकणाऱ्या कंपनीच्या गाड्या. ड्रायव्हर तिला ताई म्हणत, आपणही तेच म्हणू.

"तुमचा माणूस वाटेत मेला का? कधीचा उभा आहे मी इथे उन्हात!" असं कुणी कानात ओरडलं, की ताई बटण दाबून ड्रायव्हरला सांगायची, "दादा, पुलाखाली पांढरी गाडी, पुढचं डावं चाक. साहेब वाट बघतायत." जागा, गाडी, बिघाड हे शब्दाला शब्द. राग मात्र तिच्याजवळच राहायचा. ड्रायव्हर निरोप परत म्हणून दाखवायचा आणि शेवटी "मिळालं" म्हणायचा. ते ऐकल्याशिवाय दुसरा फोन घ्यायचा नाही, असा नियमच होता. नवीन माणूस आला की साहेब त्याला ताईच्या खुर्चीमागे उभं करत आणि सांगत, निरोपातला काटा कसा काढायचा ते हिच्याकडून शिक.

ही कला ती संध्याकाळी तिथेच खुंटीला टांगून घरी आली असती, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

घरात माणसं तीन. ताई, तिचा नवरा आणि मुलगी टिंगी. टिंगी हे लाडाचं नाव. चष्मा लागायच्या आधी ही पोर घरभर भांड्यांवर आपटत चालायची आणि टिंग टिंग आवाज व्हायचा. मग तिच्या बापानं तिला पहिला चष्मा करून दिला. त्याचं चष्म्याचंच दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना तो असा काही श्वास रोखायचा की बघणाऱ्याचाही जीव वरखाली व्हावा.

टिंगी शिकून मोठी झाली, तेव्हा त्यानं एका जुन्या गिऱ्हाइकाकडे शब्द टाकून तिला बँकेत चिकटवलं. टिंगीनं ती नोकरी कुणाला न सांगता सोडली आणि तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवू लागली. बापाला हे कळलं त्याच गिऱ्हाइकाकडून, तेही त्या गृहस्थांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवलेली असताना. "आता बरं दिसतंय, की आधी?" असं त्यानं नेहमीसारखं विचारलं. गृहस्थ म्हणाले, "दिसतंय झकास. फक्त तुमची मुलगी हल्ली बँकेत दिसत नाही." त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे आपसात बंद. ताईमार्फत ते अगदी धडाक्यात चालू होतं. "तिला सांग, दार नीट लावत जा." "त्यांना सांग, लावलेलंच होतं." हात लांब केला तर समोरच्याच्या ताटाला लागेल एवढंसं टेबल, आणि तरी निरोप ताईला वळसा घालून जायचा. टेबलावरचे निरोप निदान दोघांच्या कानावर तरी पडत. ताईची खरी करामत चालायची ती दोन खोल्यांमधल्या बोळात. आतल्या खोलीतून नवरा म्हणायचा, "पाण्यात डुंबून पोट भरतं का, विचार तिला." बोळ ओलांडेपर्यंत त्याचं व्हायचं, "बाबा विचारतायत, जेवलीस का नीट?" टिंगी फणकारायची, "सांग त्यांना, माझ्या आयुष्यावर त्यांच्या गिऱ्हाइकांची सही लागत नाही." परत येईपर्यंत त्याचं व्हायचं, "ती म्हणते, तुमच्या माणसापुढे तुम्हाला खाली बघायला लागलं, चुकलंच तिचं."

पुढे पुढे निरोप नसतानाही निरोप यायला लागले. बाबा म्हणतात काळजी घे. बाबा म्हणतात उशीर झाला तर फोन कर. टिंगी म्हणते, तुमचा खोकला वाढलाय, औषध घ्या. तलावावर टिंगीची पहिली तुकडी सुरू झाली, तेव्हा ताईनं पोहण्याचा नंबरचा चष्मा तिच्या हातात ठेवला आणि सांगितलं, "बाबांनी दिलाय. मी सांगितलं असं म्हणू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल." तो तिनं खेळाच्या सामानाच्या दुकानातून स्वतः आणला होता. टिंगी तेव्हा कितीतरी वेळ तो चष्मा हातात फिरवत उभी राहिली होती. ते बघून ताईला वाटलं होतं, एवढ्यानं जर घर जागेवर राहत असेल तर काय बिघडलं?

आणि मग टिंगीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या तलावावर काम मिळालं. महिनाअखेर जायचं ठरलं. पोरगी अशीच निघून गेली आणि ही दोघं न बोलता राहिली, तर पुन्हा कधी बोलायची? दोन खोल्यांच्या मध्ये धावता येतं, दोन शहरांच्या मध्ये कसं धावणार?

कंट्रोल रूममध्ये तिच्या शेजारी भोंगा बसायचा. त्याचा आवाज असा, की ड्रायव्हर म्हणत, याला वायरलेस कशाला, खिडकी उघडून दिली तरी पुरे. भोंगा आपल्या भावाच्या कुटुंबासोबत एका फॅमिली थेरपिस्टकडे जाऊन आला होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. लपवायचं म्हटलं तरी त्या आवाजात ते जमलं नसतं.

"फोन करायचा आणि आधी विचारायचं, अख्ख्या कुटुंबासोबत काम केलंय का," ताईनं विचारल्यावर तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं तिच्या कानात म्हणाला. "एकेकट्याशी बोलणारे पुष्कळ असतात, पण हे काम वेगळं. कुठे शिकलात तेही विचार, त्यात लाजायचं काय? आणि गॅरंटी देईल त्याच्याकडे अजिबात जाऊ नकोस. गॅरंटी मिक्सरला असते."

ताईनं जेवणाच्या सुट्टीत, हेडफोन गळ्यात तसाच ठेवून, फोन लावायला घेतले. पहिले गृहस्थ म्हणाले, "मुलीचा प्रॉब्लेम दिसतोय. तिला एकटीला पाठवा." ताईला त्यांचा रागच आला, आणि राग आल्याचं नवलही वाटलं, कारण फोन करेपर्यंत ती स्वतः हेच म्हणत होती. दुसऱ्या बाईंनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. बापानं कसं वागावं यावर त्यांनी असं काही प्रवचन झोडलं, की ताईनं सवयीनं मध्येच विचारलं, "गाडी कुठे उभी आहे?" आणि जीभ चावून फोन ठेवला.

तिसऱ्या बाईंचा आवाज शांत होता. घरात कोण कोण आहे, हे त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "तिघंही येतील का?"

"दोष कुणाचा, ते तुम्ही सांगाल ना?" ताईनं विचारलं.

"नाही. ते माझं काम नाही. एक जण बोलला की दुसरा काय करतो, आणि ते बघून तिसरा काय करतो, हे मी बघते. तुम्हाला ते रोजच्या सवयीनं दिसेनासं झालेलं असतं. दिसलं, की बदलता येतं. एका भेटीत होईल असं नाही."

गॅरंटी नव्हती. ताईनं वेळ ठरवून टाकली.

आता प्रश्न होता दोघांना नेण्याचा. तो ताईनं आपल्या पद्धतीनं सोडवला. नवऱ्याला सांगितलं, "टिंगीची फार इच्छा आहे, जायच्या आधी एकदा सगळ्यांनी बसावं." टिंगीला सांगितलं, "बाबांनीच विषय काढला, म्हणाले जाऊ." कुरकुर न करता दोघंही आली. त्या दिवशी दिवसभर ताईचं पडद्याकडे लक्ष नव्हतं, एक गाडी तिनं पुलाखाली पाठवायची ती पुलावर पाठवली.

थेरपिस्ट बाईंची खोली एका दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर होती. खालून मशीनची घरघर मधूनच यायची आणि ती आली, की तिघंही उगाच गाल आत ओढून घ्यायची. खुर्च्या एकसारख्या नव्हत्या. ताई काही विचार न करता मधल्या खुर्चीत बसली, नवरा एका बाजूला, टिंगी दुसऱ्या.

"इथे यायचं कसं ठरलं?" बाईंनी विचारलं.

"पोरीची इच्छा होती म्हणून," नवरा म्हणाला.

"माझी?" टिंगीनं विचारलं, अर्थातच आईकडे बघून. "मला तर कळलं, यांची इच्छा होती."

आता बाई विचारणार, आता धारेवर धरणार, असं वाटून ताईनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट आवळलं. पण बाई नुसत्या "अच्छा" म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी ताईला विनंती केली, की तुम्ही खुर्ची जरा खिडकीपाशी घ्याल का? ताईनं घेतली. मध्ये मोकळी जागा पडली. त्या जागेकडे बापलेक अशी बघत राहिली, की जणू तिथून कुणालातरी उठवून नेलं होतं.

ती भेट फार पुढे गेली नाही. नवरा छताकडे बघून बोलला, टिंगी जमिनीकडे. दर वाक्याला ताईचे ओठ हलायचे आणि बाई हात किंचित वर करायच्या. घरी जाताना ताईला इतका थकवा आला होता, की तिनं जिन्याचा कठडा धरला.

दुसऱ्या भेटीच्या आधी तिला राहवेना. आज ना उद्या ही दोघं एकमेकांना काहीतरी विचारणार, आणि मग सगळंच उघडं पडणार. मग निरोपांचंच काय, ताईच्या कुठल्याच शब्दाला घरात किंमत उरणार नाही. तिनं कंट्रोल रूमच्या जिन्यात उभं राहून बाईंना फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकायला सुरुवात केली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे मला एकटीला सांगू नका. मी ते गुपित धरून बसले, तर मीही तुमच्यासारखीच दोघांच्या मध्ये जाऊन बसेन. खोलीत सांगा. सांगताना मी तुमच्या बाजूला असेन."

"आणि त्यांना राग आला तर?"

"येईल," बाई म्हणाल्या. ताईला त्या क्षणी गॅरंटी देणाऱ्या लोकांची फार आठवण झाली.

दुसऱ्या भेटीला टिंगी तलावावरून थेट आली. केस ओले, खांद्यावर पिशवी आणि गळ्यात पोहण्याचा चष्मा लोंबकळत होता. ताईनं तो लगेच बघितला. घरी तो नेहमी पिशवीत असायचा. काढ तो, पिशवीत टाक, असं ती डोळ्यांनी सांगू लागली, पण टिंगीला आईच्या डोळ्यांची नाही, तोंडाची सवय होती.

नवरा आज छताकडे बघत नव्हता. त्याची नजर चष्म्यावर पडली आणि खिळली. माणूस कितीही रुसलेला असो, धंद्याची नजर रुसत नाही. तो पुढे वाकला, आणि काय करतोय हे त्याचं त्यालाही कळायच्या आत त्यानं हात पुढे केला. टिंगीनं दचकून चष्मा गळ्यातून काढून दिला. तो त्यानं खिडकीच्या उजेडात धरला, एक भिंग बघितलं, दुसरं बघितलं, चष्मा जरा दूर नेऊन परत बघितलं.

"हे कुणी केलं?" तो म्हणाला. "दोन्हीकडे एकच नंबर? हिचा डावा डोळा वेगळा आहे. तयार माल उचललाय कुठूनतरी."

"म्हणजे?" टिंगी म्हणाली. "तुम्हीच दिलात ना?"

"मी? हे? मी देईन?"

खाली मशीन सुरू झालं आणि थांबलं. कुणीच गाल आत ओढले नाहीत.

टिंगी सावकाश आईकडे वळली. "मी तुला सांगितलं होतं. डोकं दुखतं, बाबांना विचार म्हणून. तू आत गेलीस आणि येऊन म्हणालीस, बाबा म्हणतात सवय होईल."

"मला कुणी काही विचारलं नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चढला. "डोकं दुखतंय आणि मी म्हणेन सवय होईल? असं म्हणायच्या आधी मी दुकानाला कुलूप नाही लावणार?"

"रोज घालते मी हा," टिंगी म्हणाली. ती आता आईशी बोलत होती की बापाशी, सांगणं कठीण होतं. "रोज दुखतं. मला वाटलं, बाबांनी दिलाय म्हणजे नंबर बरोबरच असणार, माझंच डोकं बिघडलंय. दुसरा घेऊ शकत होते मी. नाही घेतला."

ताईला उठून पळावंसं वाटलं. जिना उतरून, दाताच्या डॉक्टरच्या दारावरून, थेट कंट्रोल रूममध्ये, जिथे राग परक्याचा असतो. तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, एवढंच. मग ताईनं सांगितलं. चष्मा कुठून आणला ते, काळजीचे निरोप कुणाचे ते, चुकलंच तिचं असं टिंगी कधी म्हणाली नव्हती ते, आणि इथे यायची इच्छा दोघांपैकी कुणाचीच नव्हती तेही. सांगताना तिला रडू येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता.

नवरा बराच वेळ चष्म्याचा रबरी पट्टा बोटानं ताणत बसला. मग म्हणाला, "अगं, तिला सांग..."

ताईच्या तोंडात "टिंगे" आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती गप्प बसली. नवऱ्यानं वाट बघितली. ती काही बोलेना, तेव्हा त्यानं चमकून तिच्याकडे बघितलं. भिंतीला टेकायला जावं आणि तिथे भिंतच नसावी, तसा त्याचा चेहरा झाला. शेवटी त्यानं खुर्ची फिरवली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

"टिंगे," तो म्हणाला. "कुठे दुखतं?"

"डावीकडे. भुवईच्या वर."

"सकाळी, की काम झाल्यावर?"

"पाण्याखाली मुलांचे पाय बघत असते ना, तेव्हा. मग घरी जाईपर्यंत."

"उद्या दुकानात ये."

"रागावून तपासणार?"

"रागावून तपासता येत नाही, हात हलतो." त्यानं नाक पुसलं. "राग नंतर काढीन. बँकेचं मी विसरलेलो नाही."

"मीपण तुमचं अबोला धरणं विसरलेली नाही," टिंगी म्हणाली. "सकाळी माझी तुकडी असते."

"मग दुपारी ये."

एवढंच. यात एकही गोड शब्द नव्हता. ताईनं पाठवलेल्या कुठल्याही निरोपापेक्षा हे कोरडं होतं, आणि दोघं ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होती. ताईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, की आपल्याला कामावरून काढलं.

तेवढ्यात टिंगी तिच्याकडे वळली. "ते सगळे 'काळजी घे', 'फोन कर', 'जेवलीस का', ते तुझे होते?"

"हो."

"मग तुझ्या नावानं का नाही सांगितलेस?" टिंगीचा आवाज फाटला. "मला वाटायचं, बाबा एवढे रागावलेले असून विचारतात. आणि आईला माझं काहीच नाही, ती नुसती निरोप आणून टाकते. तुझं स्वतःचं असं एक वाक्य मला आठवत नाही, आई."

हे ताईच्या ध्यानीमनी नव्हतं. शब्दाची किंमत जाईल, चोरी पकडली जाईल, याची भीती तिनं बाळगली होती. आपण या सगळ्या काळात पोरीला एकदाही भेटलोच नाही, ही भीती बाळगायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आता सांगा," थेरपिस्ट बाई हलकेच म्हणाल्या. "तुमचा निरोप."

ताईनं ओठांवरून जीभ फिरवली. "बाबांना वाटतं, की तू..."

"मला मध्ये घेऊ नकोस," नवरा म्हणाला.

टिंगीला हसू फुटलं, नको असताना. ताईलाही फुटलं आणि लगेच विझलं. ती खिडकीजवळच्या खुर्चीतून उठली. जागा, गाडी, बिघाड हे तिला शब्दाला शब्द सांगता येत होतं. हे कसं सांगतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. आवाज कंट्रोल रूमचा नव्हता, फाटका होता. "तू जाणार, मला माहीत आहे. तरी जाऊ नकोस. मला तुझा राग आलाय. तू इतकी लांबची नोकरी घेतलीस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. तू गेलीस की मी त्या घरात काय करू, मला कळत नाही."

काटा न काढता तिच्या तोंडून गेलेलं हे पहिलंच बोलणं. ते बोलून झाल्यावर ती तशीच उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते न कळून. हे परत घेता आलं तर बरं, असं तिला वाटत होतं.

टिंगी रडत होती. जात नाही, असं ती म्हणाली नाही. ती जाणारच होती. ओल्या केसांवरून तिनं हात फिरवला, ताठ बसली, आणि ड्रायव्हर म्हणून दाखवतात तसं, एकही काटा न काढता म्हणाली,

"आई म्हणते, जाऊ नकोस. आईला राग आलाय. मी इतकी लांबची नोकरी घेतली आणि आईला विचारलंसुद्धा नाही. मी गेले की घरात काय करायचं, ते आईला कळत नाही." मग तिनं डोळे पुसले. "मिळालं."